'काऊन'चं 'का'

आमच्याकडे हिवाळा अंगाआधी नाकाला कळतो. चिखलीच्या जिनिंग कारखान्यापुढे कापसाच्या गाड्या लागल्या की बारीक तंतू गावभर तरंगू लागतात, आणि पहिल्या शिंकेचा मान दरवर्षी मला मिळतो. यंदाही मिळाला. आठवीच्या वर्गात 'विशेषण' या शब्दाच्या ऐन मध्यावर शिंकले. पुढचे बाक हसले, मधले हसले, आणि मागचा बाक झोपेतून जागा होऊन कशाला हसायचं हे न विचारताच हसला. चाळीस माणसांना एका दमात हसवणारी आमच्या घरातली मी दुसरी. पहिले माझे मामा, म्हादूमामा. फरक इतकाच की त्यांना ते ठरवून जमायचं.

घरी येताना रस्त्याकडेच्या बाभळी पाहिल्या. गाड्यांवरून निसटलेला कापूस काट्यांत अडकून राहतो आणि चांगली हिरवीगार बाभूळ एकाएकी पिकल्या केसांची दिसू लागते. घरोघरी तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडत असतात. तो वास गल्लीच्या तोंडाशीच गाठतो. या दिवसांत कुणी "काय मॅडम, बरं आहे ना?" असं विचारलं की मी हो म्हणते आणि पुढे चालू लागते. पण असल्याच एका हिवाळ्याशी माझं अजून मिटलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा रेडिओवर आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. एक साहेब बियाणं, खत, जनावरांचे रोग यांवर बोलायचे. बोलायचे चांगलं, पण ऐकता ऐकता माणूस डुलक्या घ्यायचा. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की साहेबांपुढे एक अडाणी माणूस आणून बसवावा. पिंपळगाव राजा या आपल्या गावात सणावाराला सोंगं काढून लोकांना हसवणारे आमचे मामा तिथे 'उकंडाबुवा' होऊन बसले.

साहेब म्हणायचे, "पेरणीआधी बियाण्याला औषध चोळावं."

उकंडाबुवा म्हणायचे, "काऊन?"

बस, एवढंच. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, काऊन म्हणजे का. पण मामांच्या काऊनमधला तो 'ऊ' विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली खाली जात राहायचा. त्यात शंका असायची, आळस असायचा, साहेबांविषयी थोडी कणवही असायची. दोर तळाला टेकला की गावंच्या गावं हसायची. मग साहेब समजावून सांगायचे, मग पुन्हा काऊन, आणि शेवटी औषध का चोळायचं हे लोकांच्या कायमचं लक्षात राहायचं. खामगावच्या एसटीत मामा चढले की कंडक्टर मुद्दाम म्हणायचा, "मामा, उठा आता. उतरा इथीच." मामा म्हणायचे, "काऊन?" आणि ती गाडी हसत हसतच स्टँडात शिरायची.

काही वर्षांनी तो कार्यक्रम बंद झाला. मामी गेली. मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, शेत मुलाच्या हाती गेलं. कंडक्टर नवे आले. ते तिकीट फाडून हातात द्यायचे आणि पुढे सरकायचे. मामा आमच्याकडे चिखलीला आले की ओसरीवर बसून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "सुमे, मानूस मेला म्हंजे लोकं इसरते, त्याले काही इलाज नाही. पन मी तं जिताच आहो ना वो."

आणि त्या हिवाळ्यात पत्र आलं.

रेडिओवर नवी विनोदी कौटुंबिक श्रुतिका सुरू व्हायची होती, तेरा भागांची. त्यात खेड्यातून मुलाकडे राहायला आलेल्या आजोबांचं काम मामांनी करावं. आधी तीन भागांचं ध्वनिमुद्रण होईल, ते प्रसारित होतील, आणि श्रोत्यांचा प्रतिसाद बघून उरलेल्या दहा भागांचं ठरेल. मामा पत्र घेऊन पिंपळगावहून खामगाव, खामगावहून चिखली असे दोन गाड्या बदलून आले, कारण घरात सतरावी शिकलेली मी होते. मामा चौथी शिकलेले. त्यांच्या हिशेबी माझ्यापुढे फक्त कलेक्टर होता.

पत्र सायक्लोस्टाइल केलेलं होतं. सगळ्याच कलावंतांना जाणारं, मामांचं नाव तेवढं शाईनं भरलेलं. त्यात खाली एक सूचना होती : 'संहितेचे वाचन शुद्ध व स्पष्ट असावे.' मी लाल पेन घेतलं आणि 'शुद्ध'खाली रेघ मारली. मास्तरणीच्या हातात लाल पेन असलं की तिला जगात दुसरं काही दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

ती रेघ का मारली, ते सांगायला पुण्याला जावं लागेल. मी एम. ए. करायला दोन वर्षं तिथल्या वसतिगृहात होते. पहिल्याच रात्री जेवणाच्या पंगतीत मी शेजारणीला म्हटलं, "मले लय भूक लागून राह्यली." सगळ्या वाट्या-चमच्यांचा आवाज थांबला. मग जे हसू फुटलं ते दोन वर्षं पुरलं. मुली चांगल्या होत्या, आजारपणात उशाशी बसणाऱ्या. पण कुणी पाहुणी आली की मला पुढे करायच्या : "सुमन, तुझ्या भाषेत म्हण ना काहीतरी!" मी म्हणायचे. त्या हसायच्या. मीही हसायचे, कारण आपल्यावर चाललेल्या हसण्यात आपण सामील झालो नाही तर उभं कुठे राहायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मग मी आरशासमोर उभी राहून 'मले' घासून काढलं. 'पानी'चं पाणी केलं. परत आले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "हे कोन पाहुनी आली वो माय?"

तेव्हा ठरवलं, मामांना कुणी हसता कामा नये. मामांचा धंदाच लोकांनी हसावं हा होता, ही बारीकशी गोष्ट एम. ए. झालेल्या बाईच्या लक्षात आली नाही.

महिनाभर मामा आमच्याकडे राहिले. मी शाळेतून आले की ओसरीवर शेगडी पेटायची. शेगडीच्या एका बाजूला मामा, मधे शेंगांचं टोपलं, दुसऱ्या बाजूला मी आणि संहिता.

"म्हणा मामा, 'मला'."

"मले."

"मला."

"हाव, तेच तं म्हनून राह्यलो. मले."

मी त्यांच्यासाठी खास वाक्य रचलं होतं : 'आणि पाणी कोणी आणलं?' त्यातला प्रत्येक 'ण' मामांना अडवायचा. चार-सहा वेळा झालं की ते शेंग सोलता सोलता म्हणायचे, "सुमे, जीभ लचकली वो. आता तेल लावा लागते." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "म्हादू, काऊन आयकून राह्यला तिचं? चांगल्या मानसाचा पोपट करून ठेवते ते!"

"राहू दे बाई," मामा म्हणायचे. आईला ते बाई म्हणत. "मास्तरीन हाय ते. पुन्याले शिकेल हाय. तिले समजते."

तिला समजतं. हे दोन शब्द मला आजही शिंकेसारखे अवचित येतात, आणि थोपवता येत नाहीत.

मामा शिकले. काय शिकले! साठीचा माणूस, पण कान असा तयार की एकदा पकडलेला सूर सोडायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ते अशी वाक्यं बोलू लागले की डोळे मिटले तर समोर सदाशिव पेठ. संहिता लिहिणाऱ्यानं आजोबांचे संवाद साध्या पुस्तकी मराठीत लिहून पाठवले होते. त्याला वऱ्हाडी येत नसणार, आणि जुन्या दिवसांत मामांना नुसता मतलब सांगत, बोलायचं ते मामा आपल्या तोंडानं बोलत. तसंच आताही होईल असं त्यानं धरलं असणार, हे आज कळतं. तेव्हा मी संहितेतल्या अनुस्वारालाही हात लावू देत नव्हते.

मामांनी एकदाच विरोध केला. आजोबांना सून म्हणते, जेवणाआधी साबणानं हात धुवा. संवाद होता : 'का?' मामा त्या 'का'पाशी थांबले. कागदाकडे बघून म्हणाले, "सुमे, हे एक राहू दे ना वो. इथी काऊन म्हंतो."

"मामा, एक राहिलं की सगळं वाया जातं."

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे तोंडात टाकले. मग म्हणाले, "का."

नुसतं 'का'. म्हटलं आणि दार लागलं. हसायला आत शिरायची जागाच नव्हती त्यात. मी म्हटलं, "शाब्बास!"

परवा वह्या तपासताना एका मुलीच्या निबंधात वाक्य आलं : 'माही माय मले म्हंते, तू शिक.' पेन खाली आलं आणि कागदाला टेकून थांबलं. खोडावं तर हात उचलेना, तसंच सोडावं तर परीक्षेत तिचे गुण जाणार. शेवटी त्या ओळीवर नुसता एक लाल ठिपका राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, हे चूक आहे का बरोबर?" बावीस वर्षं शिकवतेय. "घंटा झाली," म्हणाले.

ध्वनिमुद्रणाला मी मामांसोबत रेडिओ केंद्रावर गेले. रात्रभराचा प्रवास, मामांचं नवं धोतर, माझ्या पिशवीत संहितेच्या दोन प्रती. काचेच्या पलीकडे मामा, काचेच्या अलीकडे मी, आणि शेजारी कार्यक्रमाचा तरुण अधिकारी. मुलगा भला होता. चहा देताना मामांना म्हणाला, "लहानपणी आम्ही घरचे सगळे तुम्हाला ऐकायला बसायचो. या कामासाठी तुमचं नाव मीच धरून बसलो." मामांचा चेहरा उजळला. आपल्याला ओळखणारं एक तरी तरुण माणूस उरलं आहे, याचा तो उजेड होता.

तालीम सुरू झाली. मामा बोलले. स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. अधिकाऱ्यानं एकदा संहितेकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग बटण दाबून मोठ्या अदबीनं म्हणाला, "बुवा, जरा तुमच्या भाषेत म्हणा ना."

तेच वाक्य होतं. वसतिगृहातलं. पाहुणी आली की मुली मला म्हणायच्या ते. मामांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मी त्या वेळी वाचलं नाही, मागून हजार वेळा वाचलं : ते परवानगी मागत होते. सुटीची घंटा होऊ द्या असं विनवणाऱ्या पोरासारखी ती नजर होती.

मी मान हलवली. नाही.

मामा माइककडे वळले आणि म्हणाले, "ही माझीच भाषा आहे, साहेब." 'ळ' नव्हता त्या वाक्यात, 'ण' नव्हता, तरी मला ते फार शुद्ध वाटलं. अधिकारी "बरं," म्हणाला आणि त्यानं लाल दिवा लावला. एका दिवसात तिन्ही भाग झाले. परतीच्या गाडीत मी जिंकून आल्यासारखी बसले होते. मामा खिडकीला डोकं टेकून होते. मला वाटलं, दमले.

पहिला भाग लागला तो पिंपळगावात सगळ्यांनी मिळून ऐकला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ आणून ठेवला होता. दिवे लागायची वेळ. अंगावर घोंगडी, डोक्याला फडकी बांधून म्हातारे सगळ्यांत पुढे बसले. त्यांच्यातले पुंजाजी मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांनी तर रेडिओला कानच लावला. बायका भिंतीकडेला. शिट्टी वाजवून कुणीतरी म्हणालं, "आज हसू हसू पोट दुखते पाहा!" मामा मागे, खांबाला टेकून. मी त्यांच्याजवळ.

श्रुतिका सुरू झाली. मुलगा बोलला, सून बोलली, आणि मग मामा बोलले. 'अगं, मला थोडं पाणी आण.' दोन्ही 'ण' अचूक लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, अभिमानानं आलं.

लोक ऐकत होते. सून रागावली, कुणी हसलं नाही. आजोबा हात धुवायला गेले, कुणी हसलं नाही. मागचं एक लेकरू रडायला लागलं तसे सगळे त्याच्यावर खेकसले, "चूप! आता म्हादूमामा येते." मला आधी वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात पुंजाजी रेडिओपासून कान न काढता शेजाऱ्याला म्हणाले, "म्हादू कव्हा येते बे?"

"येईन ना. मोठा कलाकार मांगूनच येते."

पाऊण वेळ निघून गेली होती. मामा रेडिओतून बोलतच होते. माझ्या शेजारी खांबाला टेकलेले मामा स्वतःचा आवाज ऐकत होते, आणि त्यांच्याच गावातली, त्यांच्या लग्नात जेवलेली माणसं त्यांची वाट बघत होती.

कलावंतांची नावं यायच्या आधीच कुणीतरी बटण पिरगाळलं, बॅटरी उतरते म्हणून. पुंजाजी वळले. मामांना शोधून काढलं आणि खऱ्या कळवळ्यानं विचारलं, "म्हादू, तुह्यं काम कापलं का बे त्याईनं?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझा हात दाबला.

"हाव गड्या," ते म्हणाले. "कापलं."

"साले हरामखोर," पुंजाजी म्हणाले. चार जण मामांच्या पाठीवर हात ठेवून गेले. मामांनी सगळ्यांचं सांत्वन मान खाली घालून घेतलं.

दुसरा आणि तिसरा भाग आम्ही ऐकलाच नाही. पुढे पत्र आलं : कथानकाच्या गरजेनुसार यापुढील भागांत आजोबांचे पात्र नाही. मी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "आन दे," आणि घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवलं. एक शब्द मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आई बोलली, पण आईचं बोलणं मला अंगवळणी पडलेलं होतं.

त्या अधिकाऱ्याला मी एक पत्र लिहायला घेतलं. वळणदार अक्षरात, समासबिमास सोडून. 'महोदय' झालं, 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' झालं. त्यानंतर एकच वाक्य लिहायचं होतं, की मामांना त्यांच्या बोलीत मी बोलू दिलं नाही, त्यांना एकदा परत बोलवा. चार दिवस ते वाक्य मी निरनिराळ्या पद्धतींनी रचलं. प्रत्येक वेळी ते व्याकरणदृष्ट्या बिनचूक झालं आणि प्रत्येक वेळी त्यातून 'मी' गळाली. पत्र गेलं नाही. मामांचं नाव धरून बसणारा तो एक माणूस होता, आणि त्याला कधीच कळलं नाही की मामा बदलले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात मावसभावाचा साखरपुडा पिंपळगावात होता. अंगणात मांडव, मांडवात सतरंज्या, बायका आत चहाच्या गडबडीत. बाहेरून एकदम हशा आला. मग दुसरा. आई चुलीपुढून मान वर करून म्हणाली, "म्हादू सुरू झाला वाटते." वर्षभरानंतर तो आवाज ऐकू आला होता. मी चहाचा ट्रे उचलला आणि जवळजवळ धावतच बाहेर आले.

मामा मधोमध बसले होते. टोपी तिरपी, एक पाय दुमडलेला, हातवारे चाललेले. बैलाला टोचून घ्या म्हणून साहेब सांगतात तो जुना प्रसंग चालू होता. नवऱ्या मुलीकडची माणसं डोळे पुसत होती. पुंजाजींनी तर आधीच तोंड उघडून ठेवलं होतं.

"तं साहेब म्हंते, बैलाले सुई द्या. आता मले सांगा..."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

"मला सांगा," मामा म्हणाले.

हात हवेतच राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली आणून मांडीवर ठेवला. टोपी सरळ केली. "म्हणजे... साहेबांचं म्हणणं असं होतं, की..." पुंजाजींचं तोंड उघडंच होतं, पण आता त्यात काही येणार नव्हतं. नवऱ्या मुलीचा काका सतरंजीचा धागा ओढू लागला. मामांनी माझ्याकडे बघून जरासं हसून मान हलवली, बरोबर म्हटलं ना, अशी.

मी ट्रे तिथेच बाजेवर ठेवला. "साखर कमी पडली, आणते," म्हणाले आणि घरात शिरले. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडले आणि गोठ्यापलीकडे जाऊन उभी राहिले. आईनं हाक मारली, मी ओ दिली नाही. बराच वेळ मांडवातून काही ऐकू आलं नाही. मग बैलानं कान हलवले आणि हशाचा असा लोट आला की छपरावरची चिमण्यांची रांग उडाली. पाठोपाठ दुसरा, पहिल्याहून मोठा.

मामा त्यानंतर नऊ वर्षं होते. लग्नकार्यात, बारशात, जिथे जिथे माणसं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, तिथे मला काहीतरी काम आठवायचं आणि मी आत निघून जायचे. सगळे म्हणत, सुमन फार कामसू. काय बोलत होते मामा, कशाला हसत होते एवढे सगळे, ते मला कधीच ऐकता आलं नाही. भिंतीपलीकडून शब्द येत नाहीत, नुसतं हसू येतं.